पोर्सेलीनमधली कोंडलेली हवा

माठ फुटला की त्याची खापरी जिभेला लावून पाहायची, ती चिकटली की हसायचे, हा खेळ लहानपणी बहुतेकांनी खेळलेला असतो. खापरी चिकटते, कारण तिच्यातली बारीक छिद्रे जिभेवरचे पाणी ओढून घेतात. याच छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते. चांगल्या भाजलेल्या पोर्सेलीनच्या कपाच्या फुटक्या कडेवर मात्र शाईचा थेंब टाका. मिनिटभराने पुसला तर डाग उरत नाही. कप पाणी पीत नाही. प्रयोगशाळेत असा तुकडा वाळवून तोलतात, पाण्यात उकळतात आणि पुन्हा तोलतात. वजन वाढत नाही. अहवालात ‘पाणीशोषण शून्य’ अशी नोंद होते.

या शून्याचा अर्थ आपण बऱ्याचदा चुकीचा लावतो. शून्य पाणीशोषण म्हणजे छिद्रे नाहीत असे नव्हे. पृष्ठभागापर्यंत पोचणारी छिद्रे नाहीत, एवढेच त्यातून कळते. तोच तुकडा घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काचेत अडकलेले गोल बुडबुडे शेकड्यांनी दिसतात. उत्तम पोर्सेलीनमध्येही आकारमानाच्या काही टक्के जागा अशा कोंडलेल्या वायूने व्यापलेली असते. ती मोजायची तर तुकड्याची इतकी बारीक पूड करावी लागते की एकही बंद छिद्र उरू नये. मग पुडीची घनता काढायची आणि अखंड तुकड्याच्या घनतेशी ताडून पाहायची. समजा पुडीची घनता २.५२ आली आणि तुकड्याची २.३८. म्हणजे साडेपाच टक्के जागा वायूची, आणि उकळत्या पाण्याला तिचा पत्ताही लागलेला नाही.

भाजणीत पोर्सेलीनची सूक्ष्मरचना कशी घडते, या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ काम झाले आहे. त्यातला मोठा वाटा स्फटिकांचा आहे. कोणता स्फटिक कोणत्या तापमानाला येतो, केवढा होतो, ताकद कशाने येते, याची चर्चा भरपूर झाली. छिद्रांकडे मात्र बराच काळ ‘भाजणीत जे जायचे राहिले ते’ अशाच नजरेने पाहिले गेले. माझे मत याच्या उलट आहे. भट्टीतला जवळपास प्रत्येक निर्णय वायूंमुळे घ्यावा लागतो. आतून बाहेर जायचे आणि बाहेरून आत यायचे ते काच वाटा बुजवण्याआधी झाले पाहिजे. स्फटिकांची गोष्टही या वेळापत्रकातच समजून घ्यावी लागते.

आधी पदार्थ पाहू. नेहमीच्या कठीण पोर्सेलीनमध्ये ढोबळमानाने निम्मी चिनी माती म्हणजे केओलिन, पाव हिस्सा फेल्डस्पार आणि पाव हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. केओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या टेकडीवरून पडले. तिथून फादर दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ मध्ये लांबलचक पत्रे लिहिली, आणि चिनी कारागिरांची रीत युरोपला पहिल्यांदा तपशिलात कळली. त्यांनी ऐकलेली एक गोष्ट अशी: काही युरोपीय व्यापारी फक्त वितळणारा दगड घेऊन गेले, केओलिन न्यायचे राहिले आणि त्यांचे पोर्सेलीन काही जमले नाही. हाडांवाचून नुसत्या मांसाचे शरीर उभे करायला निघालेली माणसे, असे तिथल्या लोकांनी त्यांच्याबद्दल म्हटले. रसायनशास्त्राचा पत्ता नसताना केलेले हे वर्णन आजही चपखल बसते. फेल्डस्पार वितळून काच होते, ते मांस. हाडे केओलिनची. क्वार्ट्झ वितळायला नाखूष असतो, त्यामुळे भांडे भट्टीत मऊ पडले तरी बसकण मारत नाही.

युरोपात हे कोडे चिर्नहाउस आणि ब्योटगर यांनी सोडवले. १७१० मध्ये माइसनचा कारखाना उभा राहिला. ब्योटगरच्या सुरुवातीच्या मिश्रणात फेल्डस्पार नव्हते, चुनखडी वर्गातले द्रावक होते. फेल्डस्पार पुढे आले. हाडांच्या राखेचे बोन चायना हे निराळे घराणे आहे आणि लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी हीसुद्धा पोर्सेलीन नव्हे, त्याची चुलत बहीण आहे. त्यांच्याकडे इथे वळत नाही.

आता भट्टी पेटवू. पहिली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की भाजणी सुरू झाल्यावर छिद्रे कमी होत नाहीत, वाढतात. कच्च्या, वाळलेल्या तुकड्यात कणांच्या मधली पोकळी मुळातच ३० टक्क्यांच्या आसपास असते. ४५० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान केओलिनच्या रचनेत बांधलेले पाणी सुटते. वजनाच्या १४ टक्के. २०० ग्रॅमच्या कच्च्या कपात १०० ग्रॅम केओलिन धरले तर १४ ग्रॅम पाणी निघते. ५०० अंशांना त्याची वाफ जवळजवळ ५० लिटर होते. मुठीत मावणाऱ्या कपाच्या भिंतीतून तीन-चार मोठ्या बादल्यांइतकी वाफ बाहेर पडते आणि कपाला ओरखडाही उमटत नाही, कारण या टप्प्यात सगळ्या वाटा मोकळ्या असतात. आकार तेवढाच राहतो आणि वजन घटते, म्हणजे पोकळी वाढलेलीच असते.

याच सुमारास, ५७३ अंशांना, क्वार्ट्झचा प्रत्येक कण आपली स्फटिकरचना बदलतो आणि एकदम फुगतो. चढत्या तापमानात हा धक्का भुसभुशीत तुकडा पचवतो. उतरताना तोच धक्का उलटा बसतो, तेव्हा आजूबाजूला कडक काच असते. त्याकडे पुढे येऊ.

मातीत सेंद्रिय पदार्थ असतात, थोडे कार्बोनेट असते, कधी गंधकाची संयुगे. हे सगळे जळून, फुटून ९०० ते १००० अंशांपर्यंत बाहेर पडायला हवे. घाई केली तर कार्बन आत राहतो आणि फोडलेल्या तुकड्याच्या मधोमध काळा पट्टा दिसतो. भट्टीवाले त्याला ‘ब्लॅक कोअर’च म्हणतात. हा पट्टा दिसायला वाईट, पण खरा धोका पुढचा आहे: वर काच बनली की आतला कार्बन लोहाच्या ऑक्साइडकडून ऑक्सिजन घेतो, त्याचा वायू होतो आणि तुकडा आतून फुगतो.

साधारण ९८० अंशांना केओलिनचे उरलेले अवशेष अचानक उष्णता सोडतात. पाणी गेल्यावर विस्कटलेली रचना इथे नव्याने जुळू लागते आणि आणखी थोडे वर गेल्यावर म्युलाइट हा स्फटिक दिसू लागतो: तीन भाग ॲल्युमिना, दोन भाग सिलिका. नाव स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या मल बेटावरून. आपल्या दख्खनच्या पठारासारखेच लाव्हाचे थर रचून बनलेले हे बेट, आणि तापलेल्या शिलारसात सापडून भाजल्या गेलेल्या चिकणमातीत तिथे निसर्गाने हे स्फटिक घडवले होते. १९२४ मध्ये बोवेन आणि ग्रेग यांनी ॲल्युमिना-सिलिकाचा तक्ता मांडला. त्याआधी पोर्सेलीनमध्ये दिसणाऱ्या सुयांना सिलिमनाइट म्हणत. भट्टीच्या तापमानाला सिलिमनाइट टिकूच शकत नाही, टिकतो तो म्युलाइट, हे या दोघांनी दाखवून दिले.

सुमारे ९९० अंशांना पोटॅशवाले फेल्डस्पार सिलिकाच्या स्पर्शाने वितळू लागते. सोडावाल्या फेल्डस्पारला याच कामासाठी थोडे जास्त, १०६० च्या घरातले तापमान लागते. ११५० च्या आसपास फेल्डस्पारचे कण स्वतःच काच होतात. पण ही काच पाण्यासारखी वाहत नाही. काकवीपेक्षा कितीतरी पट दाट असते, आणि पोर्सेलीनचे सगळे सौंदर्य या दाटपणावर उभे आहे. ती पातळ असती तर घटक झटपट मिसळून सगळीकडे एकसारखा पदार्थ झाला असता, आणि भांडे भट्टीतच ओघळले असते. दाट काचेत अणूंना हलायला वेळ लागतो. त्यामुळे भाजून निघालेल्या तुकड्यात कच्च्या मिश्रणाचा नकाशा जसाच्या तसा उरतो. जिथे मातीची गुठळी होती तिथे मातीचा अवशेष, जिथे फेल्डस्पारचा कण होता तिथे फेल्डस्पारचा.

हा नकाशा पाहायचा तर घासलेला तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ धरतात. आम्ल काच खाते, स्फटिक उघडे पडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मातीच्या अवशेषाच्या जागी म्युलाइटचे अतिशय बारीक खवले दाटीवाटीने बसलेले दिसतात, बहुतेक अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही लहान. हे प्राथमिक म्युलाइट. फेल्डस्पारच्या जागी वेगळेच दृश्य असते: लांब, सरळ, टोकदार सुया, कडेकडून मध्याकडे वाढत गेलेल्या. अल्कली बाहेर झिरपत जाते, तिथे ॲल्युमिनाचे प्रमाण वाढते, आणि पातळ काचेत वाढायला मोकळीक मिळाल्याने या सुया कित्येक मायक्रॉन लांब होतात. हे दुय्यम म्युलाइट. क्वार्ट्झचे कण सुमारे १२०० अंशांनंतर कडेने विरघळू लागतात आणि प्रत्येकाभोवती जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या काचेचे कडे तयार होते. बारीक कण संपून जातात. मोठे कण कोपरे गोलावून उरतात. लुंडिन यांनी स्वीडनमध्ये १९५९ साली या साऱ्याचा विस्तृत अभ्यास छापला. इक्बाल आणि ली यांनी १९९९ आणि २००० मध्ये तोच प्रांत नव्या सूक्ष्मदर्शकांनी पुन्हा पालथा घातला. त्यांच्या छायाचित्रांत एकाच तुकड्यातले शेजारशेजारचे दोन कोपरे दोन वेगळे पदार्थ वाटावेत इतके निराळे दिसतात.

याच तापमानांत वाटा बंद होत असतात. काचेचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढतो. दोन काचगोळ्या एकमेकींत कशा मिसळत जातात याचा हिशेब फ्रेंकेल यांनी १९४५ मध्ये मांडला: वेग पृष्ठताणाच्या प्रमाणात वाढतो; काच जेवढी दाट आणि कण जेवढे मोठे, तेवढा तो कमी होतो. काच फटीत शिरते, फट नळीसारखी होते, नळी मध्येच आवळते आणि तुटून बुडबुडे उरतात. तुकडा आकसतो. फरशीच्या टाइलची लांबी ७-८ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे आकारमान पाचव्या हिश्श्याने. एकूण सच्छिद्रता दहा टक्क्यांच्या खाली येता येता उघडी छिद्रे जवळपास संपलेली असतात आणि उरलेली सगळी बंद झालेली असतात.

बंद छिद्राचे पुढे काय होते, हे साध्या गणिताने समजते. काचेचा पृष्ठताण मीटरला ०.३ न्यूटन धरला तर एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्याला काच सुमारे सहा वातावरणांच्या दाबाने चेपते. दहा मायक्रॉनच्या बुडबुड्याला हाच दाब जेमतेम पाऊण वातावरणही नसतो. वाट मिटली तेव्हा दोन्हींत भट्टीतला वायू एका वातावरणाच्या दाबाने भरलेला होता असे धरा. बुडबुडा लहान होत जाईल तसा आतला वायू दाबला जाईल आणि कुठेतरी दोन्ही बाजू तुल्यबळ होतील. हिशेब केला तर मोठ्या बुडबुड्याचे आकारमान निम्म्याहून जास्त, सुमारे ५८ टक्के, उरते. लहानाचे मात्र सोळाव्या भागावर येते. वायू काचेत विरघळला नाही असे इथे गृहीत आहे, पण नायट्रोजन काचेत फारसा विरघळत नाहीच. म्हणजे शेवटी किती छिद्रे उरणार हे शिखर तापमानाने जेवढे ठरते, तेवढेच वाट मिटतानाच्या छिद्रांच्या आकाराने ठरते. तो आकार ठरतो दळणीत, चाळणीत, प्रेसच्या दाबात, म्हणजे भट्टी पेटण्याच्या आधी. कारखान्यात छिद्रांची तक्रार आली की पहिला हात भट्टीच्या तापमानाला घातला जातो. बहुतेक वेळा तो प्रेसकडे आणि दळणीकडे जायला हवा, असे मला या सगळ्या वाचनातून ठामपणे वाटते.

तापमान वाढवण्यात दुसरा धोका आहे. काच पातळ होते, बुडबुडे हलतात, एकमेकांत मिसळतात. दोन सारख्या बारीक बुडबुड्यांचा एक झाला की त्याची त्रिज्या मोठी, म्हणून त्याच्यावरचा काचेचा दाब कमी, म्हणून वायू पसरतो. बाहेरच्या हवेचा दाब बाजूला ठेवला तर नव्या बुडबुड्याचे आकारमान आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भरते. नवा वायू एक कणही न येता छिद्रांची जागा वाढली. म्हणून जास्त भाजलेला तुकडा फुगतो. यात लोह असेल तर नवा वायूही येतो. १२०० अंशांच्या वर फेरिक ऑक्साइड ऑक्सिजन सोडू लागते. १०० ग्रॅम मातीत एक ग्रॅम फेरिक ऑक्साइड असेल आणि ते सगळे फेरस झाले तर भट्टीच्या तापमानाला ३८० घनसेंटिमीटरच्या आसपास वायू सुटेल. तुकड्याचे स्वतःचे आकारमान ४२ घनसेंटिमीटर. त्या वायूचा दहावा भाग सुटला तरी तुकड्याच्या जवळपास बरोबरीचा वायू आत तयार झाला.

प्रयोगशाळेतल्या आलेखात हे फार स्पष्ट उमटते. तापमान आडव्या अक्षावर घ्या. पाणीशोषणाची रेषा खाली येत येत शून्याला टेकते आणि तिथेच पडून राहते. घनतेची रेषा चढते, शिखर गाठते आणि पुन्हा उतरू लागते. शिखर ओलांडल्यावर पाणीशोषण शून्यच दाखवत राहते आणि आत बुडबुडे वाढत असतात. फक्त पहिल्या रेषेवर विसंबणाऱ्याला आपण कधी पुढे गेलो ते कळत नाही. आणि हे शिखर तापमानाएवढेच वेळेवरही अवलंबून असते, कारण काचेचे वाहणे हे दोन्हींचे मिळून काम आहे. बर्लिनच्या राजेशाही पोर्सेलीन कारखान्यात हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये बनवलेले शंकू म्हणूनच इतके टिकले. तो शंकू स्वतः त्याच प्रकारे मऊ पडून वाकतो, त्यामुळे भट्टीत किती अंश झाले यापेक्षा मालावर किती भाजणी झाली हे तो सांगतो.

बंद छिद्रे पूर्ण घालवताच येत नाहीत असे मात्र नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शुद्ध ॲल्युमिनात किंचित मॅग्नेशिया घालून आणि हवेऐवजी हायड्रोजनमध्ये भाजून छिद्रे जवळपास शून्यावर आणली. पदार्थ अर्धपारदर्शक झाला. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांची आतली नळी याच ॲल्युमिनाची. हायड्रोजन स्फटिकातून निसटतो, नायट्रोजन अडकतो, हा त्यातला एक कळीचा मुद्दा. पोर्सेलीन भाजणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याची भट्टी ज्वाळेची असते आणि आत हवा व धूरच असतो.

त्याच धुराचा एक सुंदर उपयोग आहे. कठीण पोर्सेलीनला निळसर पांढरी छटा येते ती लोह फेरस स्वरूपात गेल्याने. त्यासाठी ज्वाळेतला ऑक्सिजन कमी करून कार्बन मोनॉक्साइडयुक्त वातावरण ठेवतात. हे सुरू करतात सुमारे १०५० अंशांना, शिखराला पोचल्यावर नव्हे. तेव्हा वाटा उघड्या असतात, झिलई वितळलेली नसते, वायू भिंतीच्या आतपर्यंत पोचतो. फेरिकचा ऑक्सिजन तेव्हाच काढून घेतला की वर जाऊन तो बुडबुडे करायला उरतही नाही. रंगाची आणि छिद्रांची दोन्ही कामे एका खेपेत होतात. उशीर झाला तर कप पिवळट राहतो. जिंगदेझेनच्या कारागिरांना हे ज्वाळेच्या रंगावरून कळत होते.

आणि कप प्रकाशासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसते तेव्हाही आपण या बुडबुड्यांचाच परिणाम पाहत असतो. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, क्वार्ट्झचा १.५५, म्युलाइटचा १.६४. काचेच्या तुलनेत यांचा फरक थोडा. बुडबुड्यातला वायू मात्र १. प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतो तो बुडबुड्यांच्या भिंतींवर. सावली धूसर करण्यात स्फटिकांपेक्षा बुडबुड्यांचा वाटा मोठा.

ताकदीच्या प्रश्नावर मात्र एकमत सहज होत नाही. एक जुने मत असे की म्युलाइटच्या सुया एकमेकींत गुंततात, नमद्यासारखे जाळे होते आणि त्याने ताकद येते. त्या सुया छायाचित्रात इतक्या देखण्या दिसतात की हे मत लगेच पटते. दुसरे मत क्वार्ट्झचे. थंड होताना क्वार्ट्झ काचेपेक्षा बराच जास्त आकसतो, कणाभोवतीची काच परिघाच्या दिशेने दाबली जाते आणि तडा पुढे सरकायला अडतो. तिसरे मत म्हणते, विखुरलेले कण तड्यांची लांबीच मर्यादित ठेवतात. कार्टी आणि सेनापती यांनी १९९८ मध्ये या तिन्ही मतांचा लांबलचक आढावा घेतला. या विषयात काम करणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. त्यांचा कल नुसत्या म्युलाइटच्या प्रमाणावर ताकद ठरते या मताविरुद्ध होता आणि मला तो योग्य वाटतो. जास्त भाजून म्युलाइट वाढवले तरी ताकद वाढत नाही, बऱ्याचदा उतरते. सुया भरपूर, पण क्वार्ट्झ विरघळून गेलेला आणि बुडबुडे मोठे झालेले.

५७३ अंशांचा हिशेब इथे चुकता होतो. उतरताना क्वार्ट्झचा कण एकदम आकसतो आणि कण मोठा असेल तर काचेपासून सुटतो. कडेने गोल तडा जातो. म्हणून १० ते ३० मायक्रॉनचा क्वार्ट्झ चांगला, त्याहून मोठा घातक, असा अनुभव आहे. हा गोल तडादेखील एक छिद्रच आहे, भट्टी थंड होताना जन्मलेले, आणि त्याचे टोक बुडबुड्यासारखे गोल नसून धारदार असते. शुद्ध ॲल्युमिना आणि झिर्कोनियावर रिश्केविच यांनी १९५३ मध्ये दाखवले की दहा टक्के छिद्रांनी ताकद जवळपास निम्मी होते. पोर्सेलीनमध्ये गुंतागुंत जास्त, तरी दिशा तीच. विजेच्या उच्चदाब वाहिन्यांच्या इन्सुलेटरांत क्वार्ट्झच्या जागी ॲल्युमिना घालतात ते यासाठीच. तिथे ५७३ चा धक्का बसत नाही आणि ताकद दुपटीच्या घरात जाते. आपल्याकडे क्वार्ट्झच्या जागी भाताच्या तुसाची राख घालूनही प्रयोग झाले आहेत. ती बारीक, स्फटिक नसलेली सिलिका लवकर विरघळते आणि भाजणीचे तापमान खाली आणते.

हे सगळे शास्त्र मंद भाजणीवर वाढले. आज जगातले बहुतांश पोर्सेलीन फरशीवर असते आणि ते रोलर भट्टीतून तासाभरात, १२०० अंशांच्या आसपास भाजून निघते. गुजरातमधले मोरबी हे त्याचे देशातले सर्वांत मोठे केंद्र, आणि महाराष्ट्रातल्या नव्या घरांत ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून बसणाऱ्या फरश्या बव्हंशी तिथल्याच. इतक्या घाईत क्वार्ट्झ फारसा विरघळत नाही आणि वायूंना बाहेर पडायला मिनिटे मिळतात. शिवाय माती फवारून वाळवलेल्या दाण्यांच्या रूपात प्रेसमध्ये पडते. दाणे नीट चेपले गेले नाहीत तर त्यांच्या मधल्या फटी दहा-दहा मायक्रॉनच्या राहतात, आणि त्यांचे काय होते ते वर पाहिलेच. या घाईच्या भाजणीवर इटलीतल्या फाएन्झा आणि स्पेनमधल्या कास्तेयोन इथल्या संशोधकांनी गेल्या काही दशकांत फार चांगले काम केले. बंद छिद्रे हा फक्त दोष न मानता त्यांची संख्या, आकार आणि वायू यांचा स्वतंत्र अभ्यास त्यांच्यामुळे प्रतिष्ठित झाला.

अशा फरशीचे पाणीशोषण प्रमाणकानुसार अर्ध्या टक्क्याच्या आत हवे. ते सहज येते. मग ती आरशासारखी घासतात. वरचा अर्धा-एक मिलिमीटर थर निघून जातो आणि त्याखालचे बंद बुडबुडे कापले जातात. काल जी आत कोंडलेली पोकळी होती ती आज उघडी वाटी झाली, ५ ते २० मायक्रॉन रुंद. स्वयंपाकघरात हळदीचे तेल सांडते, कपड्याने पुसले जाते, वाट्यांच्या तळाशी मात्र राहते आणि फिकट पिवळा ढग दिसू लागतो. गृहिणी म्हणते फरशी पाणी पिते. विक्रेता म्हणतो प्रमाणपत्र पाहा, शोषण शून्याच्या जवळ आहे. दोघांचेही खरे असते, कारण प्रमाणपत्र घासण्याआधीच्या वाटांविषयी बोलते आणि बाई घासल्यानंतरच्या वाट्यांविषयी. या वाट्या बुजवायला कारखान्यात वरून सिलिकेचा अतिसूक्ष्म लेप चोळतात. तो झिजतो. बंद छिद्रेच कमी आणि बारीक ठेवणे हा टिकाऊ उपाय, आणि तो वर सांगितल्याप्रमाणे दळणीपासून सुरू होतो.

उच्चदाब इन्सुलेटरांच्या तपासणीत उघड्या छिद्रांची गय केली जात नाही. फोडलेले तुकडे फुक्सिन या गडद गुलाबी रंगाच्या स्पिरिटमधल्या द्रावणात टाकतात आणि दाब देतात, निदान १५ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दीडशे पट. दाब आणि तास यांचा गुणाकार १८० भरेपर्यंत थांबायचे. पंधरा असेल तर बारा तास. मग तुकडा काढून, धुऊन, वाळवून पुन्हा फोडतात. बाहेरचा पृष्ठभाग गुलाबी झालेला असतोच. पाहायची असते नवी, ताजी फुटलेली बाजू. नीट भाजलेला माल असेल तर ती साखरेच्या खड्यासारखी पांढरी, कोरडी निघते. एक केसाएवढी गुलाबी रेघ कडेपासून आत गेलेली दिसली तर तपासनीस तुकडा प्रकाशात वळवून दुसऱ्या कोनातून पाहतो, भिंग लावतो, आणि ती रेघ कुठवर पोचली आहे ते पट्टीने मोजून वहीत लिहितो. शेजारच्याच पांढऱ्या भागातले बुडबुडे भिंगाखाली स्वच्छ चमकत असतात. एवढ्या दाबाखाली बारा तास ठेवूनही रंग त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो.